जैत कुणाची?

घरात शेवटचा शब्द कुणाचा, असं कुणी विचारलं तर तुम्ही काय सांगाल? निम्म्याजणी म्हणतील, "त्यांचाच, आणखी कुणाचा?" उरलेल्या जराशा हसतील आणि म्हणतील, "बाहेर त्यांचा, घरात माझा." मीही इतकी वर्षं हे दुसरं उत्तर देत आले. परवा मात्र एका जुन्या चित्रपटानं मला अडवलं. चित्रपट तुमच्याही ओळखीचा आहे. त्यातली गाणी तुम्ही भाजी निवडता निवडता शंभरदा गुणगुणली असतील. 'जैत रे जैत'!

आम्ही पेणकर. पेणहून पनवेलची एसटी पकडावी, खारपाड्याचा पूल ओलांडावा, की थोड्याच वेळात कर्नाळ्याची दाट झाडी सुरू होते आणि खिडकीतून तो सुळका दिसतो. कुणी अंगठा वर करून हात उभारावा, तसा. सुमारे सव्वाशे फुटांचा काळा कातळ, आणि त्याच्या कपारींत लटकलेली आग्या मोहोळं. १९६८ साली तिथे पक्ष्यांचं अभयारण्य झालं. शाळांच्या सहली येतात, मुलं डबे खातात, पक्षी बघतात आणि जातात. गो. नी. दांडेकरांनी मात्र हा डोंगर आणि त्याच्या पायथ्याची ठाकरं पाहिली आणि त्यांची कादंबरी केली. तिच्यावर १९७७ साली जब्बार पटेलांनी चित्रपट काढला. निर्मिती उषा मंगेशकरांची, पटकथा सतीश आळेकरांची, गीतं ना. धों. महानोरांची, संगीत हृदयनाथांचं. नाग्या झाले मोहन आगाशे आणि चिंधी झाली स्मिता पाटील. त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

गोष्ट तुम्ही विसरला असाल तर थोडक्यात सांगते. नाग्या हा ढोल वाजवणाऱ्या ठाकराचा पोर. लिंगोबाच्या डोंगरावरची राणी माशी पुण्यवंतालाच दिसते, असं त्यानं ऐकलेलं. म्हणून तो जपून, नीतीनं वागतो. एवढं पुण्य साठवून तो राणी माशी बघायला जातो आणि माश्या त्याच्यावर तुटून पडतात. एक डोळा जातो. पुण्याचं हेच फळ? त्या दिवसापासून त्याच्या मनात एकच गोष्ट घर करते. राणी माशीचा सूड. लिंगोबाची मोहोळं उतरवायची, काय वाटेल ते होवो.

आणि चिंधी? ती लग्न झालेली, पण दारुड्या नवऱ्याला सोडून आलेली. ठाकरांमध्ये देज देऊन लग्न होतं आणि पंचांसमोर काडीमोडही घेता येते. बाई दुसरं घर करू शकते. त्या रिवाजाचा आधार घेऊन चिंधी मोकळी होते आणि आपल्या मनानं नाग्याला निवडते. तो लाजाळू, ती धीट. पुढे दोघं मिळून डोंगरावर जातात. मोहोळं उतरतात. नाग्याची जैत होते, जैत म्हणजे विजय. आणि माश्यांच्या डंखांनी चिंधी मरते.

"बायको असावी तर अशी!"

हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो आमच्या घरच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर. लग्नाला चारेक वर्षं झाली होती. तेव्हा दूरदर्शनवर शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट लागायचा आणि अर्धी आळी आमच्या ओटीवर जमायची. शेवटी मी डोळे पुसत होते. शेजारच्या काकूही पुसत होत्या. आमचे 'हे' मात्र उठले, अंगावरचा सदरा झटकला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "बायको असावी तर अशी!"

सगळे हसले. मीही हसले. खरं सांगू? मला बरंसुद्धा वाटलं. कारण त्याच वर्षी यांनी नोकरी सोडून स्वतःचा गणपतीचा कारखाना काढायचं ठरवलं होतं. माझ्या पाटल्या मोडल्या होत्या. बालवाडीतली माझी शिक्षिकेची नोकरी मी सोडली होती, कारण पहिली दोन वर्षं कारागीर ठेवायला पैसे नव्हते आणि माती मळायला, साचे धुवायला, रंग कालवायला घरचेच हात हवे होते. मला वाटलं, हे माझ्याबद्दलच बोलताहेत. मीच ती चिंधी.

कारखाना चालला, देवाच्या दयेनं चांगला चालला. आज आमच्या मूर्ती मुंबई-पुण्याला जातात. श्रावणात आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसते. पेणमध्ये काय, हमरापूर-जोह्यात काय, घरोघरी हेच चित्र. पाटीवर यांचं नाव आहे. लोक मला 'मालकीणबाई' म्हणतात. या सगळ्यात मला कधी काही खुपलं, असंही नाही.

मग परवा, गौरी-गणपती आटोपल्यावर, सूनबाईनं तिच्या मोबाईलवर हाच चित्रपट लावला. दुपारची वेळ, दोघीच होतो. मी लसूण सोलत होते. चित्रपट संपला. ती रडली नाही. थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "आई, पण चिंधीला काय हवं होतं?"

मी पटकन म्हटलं, "नाग्या हवा होता."

"तो तर मिळाला. मग पुढे?"

मैत्रिणींनो, माझ्या हातातली लसणाची पाकळी हातातच राहिली. चाळीस वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता.

दोर कुणाच्या हाती?

तुम्हीही आठवून बघा. चित्रपटाच्या सुरुवातीला सगळी ताकद चिंधीकडे आहे. वाईट नवऱ्याचं घर ती सोडते. नाग्याकडे ती स्वतः जाते. गावाच्या कुजबुजीला ती भीक घालत नाही. आपल्यातल्या कितीजणींना असं जमलं असतं? नाग्या तिच्यापुढे पोरसवदा वाटतो.

आणि मग हळूहळू पारडं फिरतं. कसं फिरतं ते मात्र चटकन ध्यानात येत नाही. नाग्या तिला मारत नाही, रागावत नाही, डांबून ठेवत नाही. उलट तिच्यावर जीवच लावतो. पण त्याला आयुष्यात चिंधीखेरीज आणखी एक गोष्ट हवी आहे आणि ती त्याला फार हवी आहे. चिंधीला मात्र फक्त नाग्या हवा आहे. झालं! दोघांत ज्याला दुसऱ्यावाचून आणखी काही हवं असतं, त्याच्या हाती दोर जातो. दुसरं माणूस मग त्याच्या हव्याला आपलं हवं म्हणू लागतं. नाग्याचा सूड चिंधीचा कधी झाला, ते तिलाही कळलं नसेल.

यात कुणाची लबाडी नाही, म्हणून तर हे ओळखायला कठीण. वाईट नवरा ओळखता येतो आणि चिंधीनं तो ओळखलाच होता. चांगल्या नवऱ्याच्या ध्यासाबरोबर आपण कुठवर जायचं, हे ठरवणं अवघड.

तुम्ही म्हणाल, प्रेम म्हटलं की हे आलंच. अगदी खरं. साथ देण्यात सुख असतं आणि ते मीही भोगलंय. भट्टीसारख्या उन्हात, पत्र्याखाली दोघांनी मिळून पहिली पंचवीस गणपतींची ऑर्डर पुरी केली, त्या रात्रीचा पिठलं-भात मला अजून आठवतो. तेव्हा कुणी मला 'तुझ्यावर अन्याय होतोय' म्हटलं असतं, तर मी त्याला दारातून परत पाठवलं असतं. चिंधीही तिच्या खुशीनं डोंगरावर गेली, हे विसरून चालणार नाही. प्रश्न एवढाच की तिची खुशी कुणी तिला एकदा तरी विचारली होती का?

मनातून उतरणं

सूनबाई शिकलेली, तिला परदेशी चित्रपटांची आवड. म्हणाली, "आई, फ्रेंचमध्ये असा एक आहे, बघाल?" मला वाटलं, आपल्याला काय कळणार! पण खाली अक्षरं येतात आणि माणसांचे चेहरे सगळीकडे सारखेच असतात.

चित्रपटाचं नाव 'ल मेप्री', म्हणजे तिरस्कार. गोदार नावाच्या दिग्दर्शकानं १९६३ साली काढलेला, मोराविया या इटालियन लेखकाच्या कादंबरीवरून. एक लेखक आणि त्याची देखणी बायको कामीय. ब्रिजित बार्दो झाली आहे कामीय. नवऱ्याला एका अमेरिकन निर्मात्याकडे चित्रपट लिहायचं काम मिळतंय, पैसा मोठा आहे. निर्माता आपली लाल मोटार घेऊन येतो आणि म्हणतो, बाईंना मी माझ्या गाडीतून नेतो. गाडीत जागा दोघांपुरतीच. ती नवऱ्याकडे बघते. आणि तो म्हणतो, जा तू, मी येतो मागून टॅक्सीनं.

बस्स. एवढंच घडतं. पण त्या क्षणी तो तिच्या मनातून उतरतो. मराठीत आपण 'मनातून उतरला' म्हणतो ना, ते सबंध चित्रपटभर बघायला मिळतं. नंतर अर्धा तास नुसते ते दोघं आपल्या नव्या घरात या खोलीतून त्या खोलीत फिरतात, आंघोळ करतात, जेवणाचं टेबल मांडतात, वाद घालतात, गोड बोलतात, पुन्हा वाद घालतात. तो विचारत राहतो, काय झालं? ती सांगत नाही. घटकेत तो वरचढ, घटकेत ती. शेवटी ती म्हणते, मला तुझा तिरस्कार वाटतो. का, ते तरीही सांगत नाही. पुढे ती त्या निर्मात्याबरोबर निघून जाते आणि त्याच लाल मोटारीच्या अपघातात दोघं मरतात.

मला कामीयचा राग आला. म्हटलं, बाई गं, एकदा तोंड उघडून सांगायचं तरी! 'मला त्या गाडीत पाठवलंस, ते मला आवडलं नाही,' एवढं एकच वाक्य. कदाचित तो म्हणाला असता, 'माझ्या लक्षातच आलं नाही.' कदाचित म्हणाला असता, 'मला कामाची भीती वाटली.' काहीही म्हणाला असता, पण दोघांमध्ये ती गोष्ट उजेडात तरी आली असती.

रागावता रागावता माझी मलाच आठवण झाली. 'बायको असावी तर अशी!' चाळीस वर्षांपूर्वीचं ते वाक्य. मी हसले होते. पण त्या रात्री झोपताना माझ्या मनात आलं होतं, 'म्हणजे मरणारी?' ते मी कुणाला म्हटलं का? नाही. मनातल्या मनात कुठल्याशा डब्यात घालून झाकण लावलं. प्रत्येकीच्या घरात असा एखादा डबा असतोच. वर्षानुवर्षं उघडला नाही की आत काय होतं, ते तुम्हा गृहिणींना मी काय सांगायचं?

स्मिता पाटीलनंच दोन वेगळ्या बायका आपल्याला दाखवल्या आहेत. 'जैत रे जैत'च्याच साली, १९७७ मध्ये, तिचा 'भूमिका' आला. हंसा वाडकरांच्या आत्मचरित्रावरून श्याम बेनेगलांनी काढलेला. त्यासाठी तिला अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातली उषा तिच्या कमाईवर जगणाऱ्या आणि तिच्यावरच संशय घेणाऱ्या नवऱ्याकडून निघते, दुसऱ्याकडे जाते, तिसऱ्याकडे जाते. शेवटी एका श्रीमंत माणसाच्या वाड्यात सगळं मिळतं, फक्त उंबऱ्याबाहेर पडायची परवानगी मिळत नाही. माणसं बदलली, पण किल्ली तिच्या हाती आलीच नाही.

आणि १९८२ चा 'उंबरठा', पुन्हा जब्बार पटेलांचा, शांता निसळांच्या 'बेघर' कादंबरीवरून. त्यातली सुलभा महाजन आपल्यासारखीच, सुस्थित घरातली. नवरा वकील, शांत, समंजस. तिला महिलाश्रमात अधीक्षिकेची नोकरी हवी असते आणि ती तसं स्पष्ट सांगते, जाते, करते. परत येते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. सुलभा पुन्हा घराबाहेर पडते. त्या काळी या शेवटावरून आमच्या महिला मंडळात केवढी वादावादी झाली होती! अर्ध्याजणी म्हणाल्या, मुलीला सोडून गेलीच कशी? अर्ध्याजणी म्हणाल्या, राहिली असती तर कशाच्या जोरावर? बोलण्याचीही किंमत असते, हे सुलभानं दाखवलं. गप्प राहण्याची किंमत चिंधीनं आणि कामीयनं दाखवली.

राणी नावाचीच

नाग्यानं ज्या राणीवर सूड धरला, त्या राणी माशीची गोष्ट तर आणखी मजेची आहे. मोहोळात राणी एकच असते, हे खरं. पण ती कुणाला हुकूम सोडत नाही. तिचं काम अंडी घालायचं. तिला भरवणं, तिला स्वच्छ ठेवणं, मध गोळा करणं, पोळं राखणं, सगळं कामकरी माश्यांकडे. राणी थकली, अंडी कमी पडू लागली की याच माश्या नवी राणी तयार करतात आणि जुनीचं राज्य संपतं. बरं, या कामकरी माश्या सगळ्या माद्याच. नराला नांगीच नसते. तेव्हा नाग्याचा डोळा घेतला तो राणीनं नव्हे, तिच्या राबणाऱ्या लेकीबाळींनी.

हे वाचल्यावर मला आमच्या कारखान्याचं हसू आलं. 'मालकीणबाई', 'घरची राणी', 'लक्ष्मी'. किती नावं आपल्याला मिळतात! पण ठरवतं कोण? माती कुठून आणायची, मूर्ती किती काढायच्या, कुणाला उधार द्यायचं, हे ठरत असताना मी तिथेच असते. चहा घेऊन.

पेन्सिलीची फुली

आता मुद्द्यावर येते. चित्रपटांबद्दल एवढं सांगितलं त्याला कारण आहे.

आमच्या मुलाला आणि यांना मोठी जागा घ्यायची होती. शाडूची मागणी वाढली आहे. शाडूची मूर्ती वाळायला वेळ लागतो, तेवढी जास्त जागा लागते. विचार चुकीचा नव्हता. कर्ज काढायचं ठरलं आणि तारण म्हणून आमचं राहतं घर. घर आम्हां दोघांच्या नावावर आहे, कारण ते घेताना त्यात रोह्याच्या माझ्या वडिलांनी दिलेले पैसे होते. तेव्हा माझी सही हवी. सूनबाईनं तो प्रश्न विचारला, त्यानंतर आठवड्याभरानं कागद घरी आले. जिथे जिथे मी सही करायची, तिथे तिथे पेन्सिलीनं फुली मारलेली. मुलगा म्हणाला, "आई, फुली दिसेल तिथे सही कर. दुपारी द्यायचे आहेत."

एरवी मी चष्मासुद्धा शोधला नसता. त्या दिवशी म्हटलं, "वाचून करते."

"अगं, त्यात वाचण्यासारखं काय आहे?"

"नसेल तर वेळ लागणार नाही."

मुलगा पाय आपटत गेला. मी दुपारभर वाचलं. निम्मं कळलं नाही. जे कळलं नाही, ते सूनबाईकडून समजून घेतलं आणि उरलेलं ओळखीच्या एका वकीलबाईंना विचारलं. तुमच्याही कामाला येईल, म्हणून त्यांनी सांगितलेलं इथे देते.

जामीनदार म्हणून सही करणं म्हणजे नुसती ओळख देणं नव्हे. १८७२ च्या करार कायद्याचं १२८वं कलम सांगतं की, करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर जेवढी जबाबदारी कर्जदाराची, तेवढीच जामीनदाराची. हप्ते थकले तर बँक थेट तुमच्याकडे येऊ शकते. घर गहाण असेल तर ते जाऊ शकतं. म्हणून सही करण्याआधी कर्ज किती, व्याज किती, हप्ता किती वर्षांचा आणि गहाण काय काय आहे, हे चार आकडे स्वतःच्या वहीत लिहून घ्या. कोऱ्या कागदावर सही कधीही करू नका, मग मागणारा पोटचा मुलगा का असेना. सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत आपल्याजवळ ठेवा. आणि दागिन्यांबद्दल सांगायचं, तर माहेरून-सासरहून तुम्हाला मिळालेलं स्त्रीधन तुमचंच. प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली स्पष्ट केलं आहे की, बायको सासरी नांदायला आली म्हणून नवरा तिच्या स्त्रीधनाचा भागीदार होत नाही. पाटल्या द्यायच्या तर जरूर द्या. पण आपण देतोय हे दोघांना ठाऊक असू द्या.

माझ्या पाटल्या मोडल्या तेव्हा हा निकाल लागलेलाही नव्हता. आणि असता, तरी मी काही केलं असतं असं नाही.

"तू कुठे नाही म्हणालीस?"

संध्याकाळी कारागीर गेल्यावर मी कारखान्यात गेले. हे एका मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होते. यांच्या हाताची आखणी अजून कुणाला जमत नाही. आखणी चालू असताना बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. हात हलला तर सगळी मूर्ती वाया जाते. मी थांबले. यांनी कुंचला खाली ठेवला, मग कागद पुढे केले.

"अहो, हे फिटलं नाही तर घर जाईल?"

"फिटेल गं."

"फिटेल. पण नाही फिटलं तर?"

बराच वेळ हे कुंचला धूत राहिले. मग म्हणाले, "जाऊ शकतं."

मग मी तो डबा उघडला. कसा उघडला, मलाच कळलं नाही. बालवाडीची नोकरी, पाटल्या, आणि टीव्हीपुढे सगळ्यांदेखत म्हटलेलं ते वाक्य. म्हटलं, "तेव्हाही तुम्ही मला विचारलं नव्हतं."

यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे, पण दुखावल्यासारखं. म्हणाले, "पण तू कुठे नाही म्हणालीस?"

मैत्रिणींनो, मला उत्तर देता आलं नाही. कारण ते खरं होतं. यांनी विचारलं नाही, हे जेवढं खरं, तेवढंच मी सांगितलं नाही हेही खरं. मला ती बालवाडी फार आवडायची. मुलं मला बिलगायची. हे मी यांना कधी बोललेच नव्हते. मला वाटायचं, यांना दिसत असेल. यांना वाटायचं, बोलत नाही म्हणजे हिचं ठीक आहे. चार दशकं एका ताटात जेवून ही तऱ्हा!

त्या रात्री आम्ही उशिरापर्यंत बोललो. भांडलोही. मी जेवले नाही. शेवटी ठरलं ते असं: घर गहाण टाकायचं नाही. पुढचा एक हंगाम जागा भाड्यानं घ्यायची. माल खपला तर लहान कर्ज, आणि तेही घर सोडून दुसऱ्या तारणावर. मुलाला हे पटलं नाही. तो चार दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. अजूनही मधूनच म्हणतो, "आईमुळे एक वर्ष गेलं." कदाचित त्याचंच खरं ठरेल. मोठी जागा आत्ताच घ्यायला हवी होती, असं उद्या दिसेल. तेव्हा मी ते कबूल करीन. पण चूक झाली तरी ती माझ्याही विचारानं झालेली असेल.

एवढ्यावरून आमच्या घरात क्रांती झाली असं समजू नका. चहा अजून मीच करते. पाटीवर अजून यांचंच नाव आहे. एक मात्र नवीन झालं. परवा मातीवाला आला, तेव्हा यांनी आतून मला हाक मारली आणि त्याच्यासमोर विचारलं, "काय गं, यंदा किती घ्यायची?" मी सांगितलेला आकडा यांना पटला नाही, आणि आम्ही त्या बिचाऱ्या मातीवाल्यासमोर अर्धा तास वाद घातला. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

स्मिता पाटील १९८६ च्या डिसेंबरात गेली, अवघी एकतीस वर्षांची. पण पडद्यावरची चिंधी अजून तशीच डोंगर चढते आहे. मला वाटतं, नाग्यानं तिला डोंगराच्या पायथ्याशी एकदा विचारलं असतं, "चिंधे, तुला काय हवंय?" तरीही कदाचित ती गेलीच असती. प्रेम असंच असतं. पण मग मोहोळं उतरली तेव्हा ती जैत दोघांची झाली असती. नाग्याला जैत मिळाली, पण ती सांगायला समोर कुणी उरलं नाही. जिंकलेल्या माणसाची यापेक्षा मोठी हार कुठली?

तुमच्या घरातही एखादा लिंगोबाचा डोंगर असेल. नवं दुकान, मुलाचं परदेशी शिक्षण, गावची जमीन, नवऱ्याची बदली. चढायला ना नाही. पण कंबर कसण्याआधी, रात्रीची भांडी आवरून झाली की दोघांनी पाच मिनिटं बसा. त्यांनी विचारलं तर उत्तमच. नाही विचारलं तर तुम्ही सांगा. पहिल्यांदा आवाज थोडा कापेल, मग कापत नाही.

आणि तुमच्याकडे हे बोलणं कसं झालं, ते जरूर लिहून कळवा. मी वाट बघते.